हरेशला सांगितलेले वास

अष्टमी गावातल्या माडीवरच्या त्या खोलीचं दार आता निळं केलंय, खालून गल्लीतूनच दिसतं. आम्ही राहत होतो तेव्हा त्याला धड कुठलाच रंग नव्हता. बाहेर दोन चपलांचे जोड होते, खिळ्याला हेल्मेट टांगलेलं होतं आणि खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर लॅबचा पांढरा एप्रन वाळत होता. म्हणजे अजून विद्यार्थीच राहतात. मी जराशी रेंगाळले. आतून फोडणीचा वास आला आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "लसूण करपवलाय."

"किती?" हरेशने विचारलं.

"काळा नाही झालेला. लालच्या थोडा पुढे गेलाय."

"मग चालेल. मीठ घालतील, कळायचं नाही," तो म्हणाला आणि आम्ही पुढे चालू लागलो.

गल्लीच्या टोकाला शबानाचं माहेर आहे. तिला मुलगा झाला, ती बाळंतपणाला आईकडे आली होती आणि फोनवर तिने बजावलं होतं की बाळ बघायला येणार असाल तर जेवायलाच या, उभ्याउभ्या येऊ नका. म्हणून आम्ही पेणहून रोह्याला आलो, स्टँडवर उतरलो, कुंडलिकेचा पूल चालत ओलांडून अष्टमीत शिरलो. रिक्षा मिळत होती. पण पुलावरून चालत जायचं असं दोघांनीही न बोलता ठरवलं होतं. मी मात्र पूलभर अस्वस्थ होते. या गावात शिरलं की माझ्या अंगात ती जुनी घाई शिरते, बस चुकेल, कुकर राहिला, कुणीतरी दारात येऊन उभं असेल. काही चुकणार नव्हतं. तरी मी भरभर चालत होते.

आमचं लग्न झालं तेव्हा मी पेणला बी.एड. करत होते आणि हरेश रोह्याला एम.एस्सी., केमिस्ट्री. दोघांचीही शिक्षणं अर्धी आणि लग्न पुरं. एवढ्या लवकर का झालं, कुणी कुणाला काय शब्द दिला होता, ते आता राहू दे. तो वडखळच्या पलीकडचा, खाडीकाठचा. त्याची आई मिठागरात कामाला जायची. माझं माहेर रोह्याच्या आत, डोंगराच्या बाजूला, भात निघालं की वाल पेरणाऱ्यांतलं. त्याच्या घरचं मीठ आणि माझ्या घरचे वाल, एवढ्यावर आम्ही अष्टमीत संसार मांडला. एक खोली, तिच्यातच ओटा, मागे मोरी, आणि खिडकीतून केळीची तीन झाडं व त्यांच्यामागे नदीचा एक तुकडा.

स्वयंपाक तो करायचा. मला चहासुद्धा बेताचाच यायचा. आमच्या घरात मी शिकणारी म्हणून मला चुलीपाशी कुणी बसवलंच नाही. त्याच्याकडे उलट होतं. आई पहाटे मिठावर गेली की पाठच्या भावंडांना करून घालणारा तोच. त्यामुळे तो भाकऱ्या थापायचा त्या माझ्या मावश्यांना थापता येणार नाहीत अशा, पांढऱ्या, पातळ, पदर सुटलेल्या. सकाळी मला जाग यायची ती तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी लागल्याच्या वासाने. उठेपर्यंत ओट्यावर दोन डबे भरून तयार असायचे. मी केस विंचरता विंचरता पाठाचं टाचण वाचायचे, तो भाकरी पलटता पलटता कुठल्याशा रिअॅक्शनच्या पायऱ्या पुटपुटायचा, आणि त्या गडबडीत आम्ही एकमेकांशी फारसं काही बोलायचो नाही. पूल पळत ओलांडायचा, पेणची गाडी पकडायची. नागोठणं, मग हायवे, मग वडखळला गाड्यांची रांग. त्या रांगेत मी डबा हळूच उघडून बघायचे. सुकटीची चटणी असली की शेजारची बाई माझ्याकडे बघायची, आणि मी झाकण घट्ट लावायचे.

सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा आम्ही ठरवलं होतं की स्वयंपाक मी केला असं सांगायचं. हरेशने करंदीचं कालवण केलं, अंघोळ केली, पुस्तक घेऊन बसला. मी पदर खोचून वाढायला उभी. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि माझ्याकडे वर बघितलं.

"कालवन तू केलंस गो?"

"हो, आई."

"नाय. ह्यो हात माज्या पोऱ्याचा हाय." मग त्या खाली बघून जेवत राहिल्या. मी भात वाढायला वाकले तेव्हा म्हणाल्या, "बरं हाय. तू शिक. पन भांडी तरी घास हां."

हरेश पुस्तकामागे हसत होता, ते पुस्तक हलत होतं त्यावरून कळत होतं.

आमच्या सगळ्या मित्रमंडळींत गॅसची शेगडी असलेले आम्हीच. म्हणून सगळे आमच्याकडे. सगळे म्हणजे मुख्य दोघं. एक संदेश, हरेशच्या वर्गातला, जोह्याचा. त्याच्या घरी गणपतीचा कारखाना. त्याच्या नखांत बारा महिने कुठला ना कुठला रंग असायचा. भाद्रपद जवळ आला की तो आठवडेच्या आठवडे गायब, आणि मग एक दिवस झोप न झालेल्या डोळ्यांनी दारात उभा, "वहिनी, काय हाय?" दुसरी शबाना, गल्लीच्या टोकाची, डी.फार्म. करणारी. ती कधी रिकाम्या हाताने यायची नाही, आणि आली की आधी झाकणं उघडून बघायची.

रविवारी वाल सोलायचे. माहेरहून आलेले कडवे वाल आदल्या दिवशी भिजत घातलेले, फडक्यात बांधून मोड आणलेले. मध्ये कोमट पाण्याचं पातेलं आणि भोवती आम्ही चौघं. दाण्याला चिमटीत धरून दाबलं की तो सालातून सुटकन बाहेर पडतो. सोलता सोलता एकमेकांना प्रश्न विचारायचे. शबाना औषधांची नावं पाठ म्हणायची, मी मुलांच्या मानसशास्त्रावरचे सिद्धांत सांगायचे, संदेशला एकही उत्तर यायचं नाही आणि तो म्हणायचा, "मला नका विचारू, मी मोड मोडतो हे बघा." बिरडं शिजायला लागलं की कडवट, हिरवा, ओल्या मातीसारखा तो वास खोलीभर व्हायचा, वर ओल्या खोबऱ्याचा आणि शेवटी कोथिंबिरीचा. हरेश पळीतून कधी चव बघायचा नाही. झाकण उचलायचा, वाफ तोंडावर घ्यायचा आणि म्हणायचा, "मीठ कमी हाय." मीठ खरंच कमी असायचं.

त्याच नाकावर त्याला नोकरी मिळणार होती. एमआयडीसीतल्या एका कंपनीत अत्तरांना आणि साबणांना लागणारी सुगंधी द्रव्यं बनत. तिथे तो सुट्टीत काही आठवडे शिकायला गेला होता. तिथल्या साहेबांनी त्याच्यापुढे कागदाच्या पट्ट्या धरल्या, आणि एकसारख्या वाटणाऱ्या दोन वासांतला फरक त्याने सांगितला. परीक्षा झाली की ये, म्हणाले. घरी आल्यावर त्याने मला तो फरक समजावून सांगितला. एक गुलाब सकाळचा, एक गुलाब दुपारचा, असं काहीतरी. मला दोन्ही गुलाबच वाटले असते.

मग ताप आला. साथीतलाच असावा, कॉलेजं नुकती पुन्हा उघडली होती आणि गल्लीत घराघरांतून तो फिरत होता. मला आला, गेला. हरेशला आला, गेला. अंगात ताकद आली तशी एका सकाळी त्याने पुन्हा ओटा ताब्यात घेतला. मी मोरीत होते. जळका, उग्र वास आला, खारवलेलं काही तव्यावर कोळसा झाल्यासारखा. मला वाटलं बाहेर कुणी कचरा पेटवला. बाहेर येऊन बघते तर खोलीत धूर आणि हरेश शेगडीसमोर उभा, एका हातात नोट्स, दुसऱ्या हाताने जवळा परततोय. कढईत नुसती काळी राख.

"हरेश, जळलं ते."

त्याने कढईत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गॅस बंद केला, कढईवर वाकला, धूर ओढून घेतला. खोकला आला त्याला. पुन्हा वाकला.

"मला कसलाच वास येत नाही," तो म्हणाला.

पहिले दिवस आम्ही हसण्यावारी नेलं. सगळ्यांचा जातो, सगळ्यांचा येतो. शबाना म्हणाली, पंधरवडा दे. पंधरवडा गेला, महिना गेला. पेणच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी धरून बघितलं आणि सांगितलं की रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरलेले वास घेत राहा, शांतपणे, आठवून आठवून. शबानाने छोट्या बाटल्या धुऊन आणल्या. एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत गुलाबपाणी, एकीत निलगिरीचं तेल. हरेश सकाळी खिडकीशी बसायचा, एकेक बूच उघडायचा, डोळे मिटायचा. त्या वेळी मी भांड्यांचा आवाजसुद्धा करायचे नाही. देवपूजेला बसल्यासारखा बसायचा आणि तसाच उठायचा, चेहऱ्यावर काही नसलेला.

मग मंडळींनी आपापले वास आणायला सुरुवात केली. संदेशने जोह्याहून ओल्या शाडूचा गोळा आणला, फडक्यात गुंडाळून. शबानाने वडिलांच्या कपाटातलं अत्तर. मी माहेरहून हिंगाचा खडा, कोकम, आणि भावाला शेताच्या बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणायला लावला, जो घालून वालाच्या शेंगांचं, पोपटीचं मडकं भाजतात. हरेश सगळं नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "नाय." प्रत्येक वेळी तेवढंच. शेवटी शेवटी तो 'नाय' म्हणायच्या आधी आमच्याकडे बघायचा.

एका संध्याकाळी शबानाने एक बाटली त्याच्या हातात दिली. तो डोळे मिटून बसला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाला, "लवंग. येतेय. अगदी थोडी, पण येतेय."

संदेश उठून उभा राहिला. मी शबानाकडे बघितलं. ती बाटलीकडे बघत होती. त्या दिवशी तिने बाटल्या धुतल्या होत्या आणि लवंग अजून घालायची राहिली होती. ती कागदाच्या पुडीत, तिच्या मांडीवर, तशीच होती. तिने चुकून रिकामीच बाटली दिली होती. संदेशलाही ते दिसलं, तो हळूच खाली बसला. शबानाने बाटली परत घेतली आणि म्हणाली, "छान. उद्या परत बघू." तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. हरेशला कळलं की नाही ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

त्यानंतर तो खोलीत एका जागी बसेनासा झाला. खिडकीशी जायचा, ओट्याशी यायचा, पुन्हा खिडकीशी. पानातलं निम्मं तसंच राहायचं. करायचा मात्र तोच, जुन्या सवयीने, आणि कधी मीठ दोनदा पडायचं, कधी खोबरं खवट निघायचं. आम्ही मुकाट जेवायचो. जेवताना तो आमच्या तोंडाकडे बघायचा, ते मला बघवायचं नाही.

एकदा पेणहून येताना वडखळला गाडी फार थांबली नाही आणि मी लवकर पोचले. जिन्याच्या खालीच मला गॅसचा वास आला. वर धावले. दार लोटलेलं. हरेश ओट्याजवळ उभा, शेगडीवर चहाचं भांडं आणि हातात काडेपेटी. वारा आला होता की दूध उतू गेलं होतं, कोण जाणे, शेगडी विझून पुष्कळ वेळ झाला होता. मी त्याच्या हातातून पेटी ओढून घेतली, बटण फिरवलं, खिडकी उघडली. केळीच्या झाडांकडे तोंड करून मी नुसती श्वास घेत उभी राहिले. तो माझ्यामागे होता.

"गॅस होता?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा खोलीला कुलूप होतं. शबानाकडे किल्ली ठेवून तो आईकडे गेला होता.

खोली एवढी मोठी आहे हे मला त्या दिवसांत कळलं. संदेश यायचा, दारातूनच विचारायचा, "फोन उचलला काय?" आणि जायचा. शबाना डबा आणून ठेवायची. मी पाठ्यपुस्तक उघडून बसायचे आणि एकच पान वाचत राहायचे. परीक्षा तोंडावर आलेली, त्याची आणि माझी. शेवटी मी वडखळला उतरले ती पेणच्या गाडीत पुन्हा बसलेच नाही. खाडीकडे जाणारी रिक्षा धरली.

सासूबाई दारातच होत्या. "आयलीस, बरं झालं," त्या म्हणाल्या. "मुकाट जेवतो नि बांधावर जाऊन बसतो. माज्याशी पन बोलत नाय. तू बोल गो त्याच्याशी."

मिठागरं ऐन भरात होती. चौकोनी वाफ्यांत पाणी आटत आलेलं, कडेला मिठाचे ढीग, आणि दुपारचं ऊन असं की डोळे उघडे ठेवता येईनात. हरेश बांधावर बसला होता. मी शेजारी बसले.

"परीक्षा आहे तुझी."

"हाय."

"मग?"

"कंपनीत फोन केला होता आज," तो म्हणाला. "सांगितलं, वास गेलाय तो येत नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्या."

मी त्याच्याकडे बघितलं. "काय म्हणाले?"

"म्हणाले, आला तर ये. चांगला माणूस आहे." तो बांधावरचा खडा उचलून पाण्यात टाकत राहिला. "इथे जेवतो ते बरं वाटतं. आईचं कालवण नुसतं खारट असलं तरी चालतं. मीठ कळतं मला. आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी सगळं भिजलेला पुठ्ठा." मग म्हणाला, "त्या दिवशी तू येणार म्हणून मी चहा ठेवला होता. तू जिन्यात असतीस आणि मी काडी ओढली असती. तुझ्या घरात मी धोका हाय."

यावर काय म्हणायचं ते मी रिक्षात ठरवून आले होते असं नाही. पण बोलले मीच. "मग वास मी घेत जाईन. तू कर. मी सांगेन काय होतंय ते."

"तुला करपलेलं नि भाजलेलं यातला फरक कळत नाही."

"शिकेन."

तो हसला नाही. खाडीकडे हात केला. ओहोटी लागली होती, पाणी आत सरकून काळा चिखल उघडा पडला होता. "सांग. आता इथे कसला वास येतोय?"

"चिखलाचा."

"कसला चिखल?"

मी डोळे मिटले. आधी काहीच सापडेना. मग एकेक करून सुटं होऊ लागलं. "जास्त उकडलेल्या अंड्यासारखा थोडा. त्याच्याखाली ओला पत्रा गंजतो तसा. आणि… कुणीतरी मघाशी इथून मासळी नेली आहे. आता नाहीये ती, पण नेली आहे."

हरेशने मान मागे टाकली. त्याचे डोळे मिटलेले होते आणि पापण्यांच्या कडा ओल्या. "बरोबर," तो म्हणाला. "तसाच असतो."

संध्याकाळच्या गाडीने आम्ही अष्टमीला परत आलो. सासूबाईंनी पिशवीभर मीठ दिलं, जणू रोह्यात मिळत नाही.

त्या दिवसापासून माझं नाक माझं राहिलं नाही. तो ओट्याशी उभा राहायचा, मी त्याच्या खांद्याशी. "कांदा?" "अजून कच्चा, डोळ्यांत जातोय." "आता?" "गोड व्हायला लागलाय." "खोबरं?" "थांब. आत्ता. काढ." तो कानानेही करू लागला, तेलाचा आवाज बदलला की त्याचा हात हलायचा. पहिलं बिरडं जमलं त्या रविवारी संदेशने तीनदा भात घेतला आणि म्हणाला, "वहिनीचं नाक नि हरेशचा हात, आपल्याला काय, आपलं पोट." शबाना हसता हसता उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

पण चैन मला त्यानंतर पडलंच नाही. बसमध्ये, वर्गात, रस्त्याने चालताना मी वास गोळा करत असायचे, संध्याकाळी त्याला सांगायला. पेणच्या बाजारात पोह्याच्या गिरणीवरून गेले की भाजक्या भाताचा. जोह्याला संदेशकडे गेलो की ओल्या मातीवर ताज्या रंगाचा. नवीन वह्यांचा, पाऊस थांबल्यावर शाळेच्या दप्तरांचा. तो विचारायचा, मी सांगायचे, आणि सांगताना शब्द कमी पडले की मी चिडायचे. कधी कधी वाटायचं, आज कुणी काही विचारू नये, पान समोर यावं आणि नुसतं जेवावं. ते मी त्याला कधी बोलले नाही. मोगऱ्याचा गजरा माळला तरी पहिला विचार हाच, हा कसा सांगायचा.

काही महिन्यांनी त्याला थोडं काही येऊ लागलं, पण वाकडं होऊन. कॉफी जळक्या रबरासारखी, कांदा सडल्यासारखा. तरी आम्ही हरखलो होतो. मग तेही हळूहळू विरून गेलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आम्ही वाट बघायची सोडली कधी, ते नेमकं आठवत नाही.

तो पास झाला, चांगला झाला. मीही झाले. आता तो पेणला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, मी तिथल्याच एका शाळेत आहे. लॅबमध्ये मुलं त्याला वास सांगतात, सर, अमोनिया आला, आणि तो वहीत बघितल्यासारखं करून पुढे जातो. संदेश वडिलांचा कारखाना बघतो. शबाना लग्न होऊन महाडला गेली. आमच्या फ्लॅटचा ओटा एवढा लांब आहे की त्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पोचावा. वाल आता सोललेले मिळतात. रविवारी आम्ही दोघंच असतो, एक जण वाटाण्याच्या शेंगा निवडतो, दुसरा फोनवर असतो, आणि मला एकदम उठून कुठेतरी जावंसं वाटतं. कुठे, ते कळत नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग असावा एवढंच वाटतं.

शबानाच्या आईने तांदळाची वाफवलेली सांदणं आणि मटण केलं होतं. आम्ही जमिनीवर बसून जेवलो. शबाना जाड झाली होती, दमलेली होती आणि तरीही प्रत्येक झाकण उघडून माझ्या पानात वाढत होती. जेवण झाल्यावर तिने बाळ हरेशच्या हातात दिलं. त्याने हात धुतले होते, ते पुन्हा शर्टाला पुसले. बाळाची मान सांभाळत त्याला छातीशी धरलं, आणि मग सगळे करतात तेच केलं, वाकून त्याच्या टाळूला नाक लावलं. बराच वेळ तसाच राहिला. शबानाने माझ्याकडे बघितलं. मी बाळाचं टोपडं उगाच नीट केलं.

मग तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि मीही वाकले.

परतताना उन्हं उतरली होती. पुलावर वारा होता. मधोमध आल्यावर हरेशने मला थांबवलं. मी ओळखलं होतंच की तो विचारणार. शबानाच्या दारातून निघाल्यापासून मी शब्द शोधत होते. दुधाचा म्हणावं तर दूध नव्हे. ऊन लागलेल्या कापसाचा, तर तोही नव्हे.

"कसा येतो वास?" त्याने विचारलं. "बाळाच्या टाळूचा?"

मी तोंड उघडलं. खाली कुंडलिकेला भरती येत होती. मला ओहोटीचा चिखल सांगता आला होता, कांदा, शाडू, करपलेला लसूण, सगळं सांगता आलं होतं. हे येत नव्हतं. मी सुरुवात केली, थांबले, पुन्हा सुरुवात केली.

"नाही सांगता येत मला," शेवटी मी म्हणाले.

माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे. त्याने माझा हात धरला, भर पुलावर, येणारी-जाणारी माणसं बघत असताना.

"मग नको सांगू," तो म्हणाला. "एवढा एक तुझा तूच ठेव."